लिंबाजीची लाल गोळी

उशिरा लिहितोय, माफ करा. मोबाईलवर काही चुकीचं दाबलं जाईल, याचीच भीती वाटते.

लिंबाजी एड्सनं मेला नाही.

आमच्या वालूर गावच्या पारावर अजून कुजबुज चालू आहे, म्हणून सांगतो. हार्ट अटॅकनं गेला. सत्तरी ओलांडून, नातीच्या लग्नात, "जिलबी वाढा की!" असं ओरडून झाल्यावर.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी त्याला टीबी झाला. परभणीला रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कसा झाला ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आम्ही दोघं धान्याच्या एकाच अडतीवर हमाल. मी सातवी पास, म्हणून डॉक्टरांचं ऐकायला मला सोबत नेलं.

पहिला प्रश्न मी माझाच विचारला. "साहेब, मी ह्याच्या चंचीतली तंबाखू खातो. मला झाला का?"

"तंबाखूनं दुसरं काहीतरी होईल. हा नाही होत."

लिंबाजी म्हणाला, "मी मरायलोय, अन् ह्याला तंबाखूची पडलीय!"

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याला लाल लघवी झाली.

त्यानं गोळ्याच सोडल्या. "रक्त चाललंय गड्या. मरायचंच हाय, तर घरी मरतो."

सकाळी मी त्याला ओढतच परभणीच्या एसटीत बसवलं.

डॉक्टर हसले. "रक्त नाही हो, गोळीचा रंग आहे!"

मग आमच्या भाषेत सांगितलं. "अडतीवर मांजरी असतात ना? एचआयव्ही अंगातल्या मांजरी मारतो. एकदम नाही, वर्षानुवर्षं, हळूहळू. मांजरी कमी झाल्या की उंदीर माजतात. टीबी हा उंदीर. मांजरी वाचवायचं औषध आज आपल्या हातात नाही. उंदीर मारायचं आहे."

"मग मारू की!" लिंबाजी म्हणाला. "आधी न्हाई का सांगायचं, साहेब?"

रोज गोळी गिळेपर्यंत मी समोर बसायचो. वर तोंड उघडून दाखव म्हणायचो. तो शिव्या द्यायचा.

टीबी गेला. पोतं परत पाठीवर आलं.

खूप वर्षांनी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्याही फुकट मिळू लागल्या. रोज, जन्मभर घ्यायच्या. रोग अंगातून जात नाही, पण दबून राहतो. लिंबाजी मला चिडवायचा, "तुझ्या बीपीपेक्षा माझा रिपोर्ट लय भारी हाय."

लिंबाजी, गड्या, तुला शेवटचा जय भीम.

आणि तुमच्या घरात कुणी घाबरून गोळ्या सोडल्या असतील, तर मला लवकर कळवा. माझी पंच्याहत्तरी झालीय, एसटी फुकट आहे. लगेच येतो. फक्त कळवा.