शिवाप्पा मिस्त्री आणि मागची सीट

गाडीला पाना लावण्याआधी शिवाप्पा मिस्त्री मालकाला मागच्या सीटवर बसवत आणि स्वतः चालवत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सगळ्यात खराब रस्त्यानं दोन फेऱ्या मारत. मालक कितीही मोठा असो. "पुडं बसनाऱ्याला गाडी कळत न्हाय साहेब," ते म्हणत, "मागच्याच्या कमरेला इचारा."

वडिलांची जुनी अँबॅसिडर त्यांच्याकडे नेली, तोवर मी तिची वाट लावून ठेवली होती. दिसायला रुबाबदार हवी म्हणून रुंद टायर चढवले, मागच्या स्प्रिंगांना दोन पाटे जादा घालून ती उंच केली. वळण घेताना दंड भरून यायचे, खड्ड्यात दातावर दात आपटायचे. पण फोटोत काय दिसायची!

शिवाप्पा गाडीखाली गेले, बाहेर आले आणि पचकन थुंकले. "अय्यो! चांगल्या गाडीचा पार बैलगाडा केलाय की. म्हातारं मानूस बसतंय का ह्यात?"

बसलं होतं. मंगळवेढ्याला माझे मामा अंथरुणाला खिळलेले. आईला त्यांना एकदा बघायचं होतं, तेही बाबांच्याच गाडीनं, असा तिचा हट्ट. निम्म्या वाटेत कंबर धरून तिनं गाडी परत फिरवायला लावली होती.

हे ऐकून शिवाप्पा म्हणाले, "चार दिवस द्या. जादा पाटे काडतो, जुन्या मापाचे टायर घालतो. लोण्यावानी चालंल."

मी म्हणालो, "रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे. ती होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की आजही आठवलं तरी मान खाली जाते. "फोटू बगून मामा उटून बसनार हाय व्हय?"

मी निर्लज्जासारखा हसलो. रॅलीत लोकांनी गाडीला टेकून फोटो काढले. बुधवारी मामा गेले.

त्यानंतर शिवाप्पांनी गाडी नीट केली. एमआयडीसीच्या त्याच रस्त्यावर मागं बसलो, पोटातलं पाणी हललं नाही. मग ते स्वतः गाडी घेऊन शुक्रवार पेठेत आमच्या दारी आले, मागचं दार उघडून आईला म्हणाले, "बसा की माय. आता कंबर दुकनार न्हाय."

आईनं सीटवरून हात फिरवला. "लई चांगली केलीस बाबा. पर आता तितं कोन हाय माजं?"

शिवाप्पांनी दार हळूच लावलं. किल्ली माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली आणि चालत निघून गेले. पुढं स्वतः वारेपर्यंत त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही. मला माझी किळस येते ती यामुळे, की त्या रॅलीचे फोटो मी अजून पुसलेले नाहीत.