केवडा पडलेली बाग

पुणे-बारामती एसटीत माझ्या वाट्याला आलेली खिडकी बंद होत नव्हती. इतिहास याची दखल घेणार नाही, म्हणून इथे नोंदवतो: स्वारगेट ते बारामती माझा डावा कान एकट्याने वारा सोसत आला. उजवा मजेत होता.

निघायचं कारण मामेबहीण शालनताई. राहते अंथुर्ण्याला, इंदापूर तालुक्यात. तिने अंगणात बिनफुलांची बाग केली, कारण फुलं लावली की पहाटे निम्म्या गावाची पूजा तिच्या कुंपणावरून उरकते. म्हणून नुसती पानं: अरेलियाची कातरलेली, फायकसची गुळगुळीत, दोन्हींवर पांढरे पट्टे. पण हल्ली पट्टेच नाहीसे होऊ लागले. फोनवर म्हणाली, "दादा, एकदा बघून जा. न्हायतर ह्यांच्या मनासारखं अंगणात सिमेंटचं ब्लॉक टाकू दे."

बारामती स्टँडबाहेर मिसळ खा. दर पुण्याच्या खाली, तर्री पुण्याच्या वर. तिथून इंदापूरकडची गाडी. दोन्ही बाजूंना ऊस; एकाच पानाची बाग कशी दिसते, त्याचा एवढा नमुना पुरे.

संध्याकाळी पोचलो तर ताईची बागही तशीच एकरंगी झालेली. पाणी, ऊन, नर्सरीवाला, असा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तेवढ्यात दाजी, म्हणजे तिचे यजमान, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आले आणि थेट अरेलियापाशी थांबले.

"केवडा पडला हुता," ते मला म्हणाले. उसाचं पान पांढरटपिवळं पडलं की इकडे त्याला केवडा म्हणतात, आणि लोह, जस्त, युरियाचा फवारा देतात. "हिला सांगितलं न्हाय. एवढ्या हौसेनं लावलंय, आजारी हाय कळलं तर जिवाला लावून घील."

ब्लॉकची भाषा करणारा माणूस गुपचूप बागेचा दवाखाना चालवत होता. ताई म्हणाली, "अवो, पैसं देऊन आजार आणलाय मी."

दाजी पंप उतरवून पायरीवर बसले.

युरियाने हिरवे फुटवे माजतात आणि पट्ट्यांचे दबून जातात. सकाळी आम्ही हिरवे तेवढे छाटले. मी ते उकिरड्यावर टाकायला निघालो, तर दाजी आडवे आले. "बरी झालेली हायती. टाकता व्हय?" पट्टेवाल्यांच्या मागे त्यांनी ते ओळीने खोचले, अर्थात उसासारखी सरी पाडून.

ताई रस्त्यावर जाऊन बघत उभी राहिली. साध्या हिरव्यापुढे उरलेले पट्टे कधी नव्हे इतके उठून दिसत होते. आम्ही शहरी लोक कुंडीगणिक नक्षी लावतो आणि मग कोणाचंच पान नजरेत भरत नाही.

"ब्लॉकचं काय?" तिने विचारलं.

"मागं गोठ्यात टाकू," दाजी म्हणाले, आणि पंप धुवायला गेले.

निघताना ताईने अळूवड्यांचा डबा दिला. त्या भिगवणच्या पुढे टिकल्या नाहीत. बाग मात्र डोक्यात टिकली. आता रस्त्यात पट्ट्याचं पान दिसलं की मी आधी त्याची तब्येत बघतो.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि अळूवड्या मला येत नाहीत. काल गच्चीतल्या कोलियसच्या लाल पानांच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या, झाकणावर दाजींसाठी लिहिलं, "जन्मतः लाल. तब्येत उत्तम," आणि ताईची पुण्यातली लेक गावी निघाली होती, तिच्याकडे डबा पोचवून आलो.