चेहऱ्यावर आयकॉन नको

"वहिनी, कुठंय पोरगी? मला तर काळंच दिसतंय सगळं."

तो माणूस अगदी हळू बोलला होता. पण बाबांचं दुकान म्हणजे एक छोटासा गाळा, आणि मी त्याच्या पाठीमागेच कटिंगच्या टेबलाशी पाकिटं दुमडत बसले होते. त्याच्या वहिनीने त्याला कोपराने ढोसलं. बाबांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ते खुर्चीत पुढे वाकून, स्क्रीनवर बोट टेकवून सांगत होते, "ही बघा ताई, माझी मुलगी. शाळेचा पहिला दिवस."

बोट बरोबर जागेवर होतं. उजवीकडे, मधल्या रेषेच्या जरा वर. तिथे माझा चेहरा असायचा. त्या दिवशी तिथे काही नव्हतं. चार महिन्यांपासून तिथे काही नव्हतं.

रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वर्षश्राद्धाची कार्डं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. मी तिथून जाताना पलीकडच्या बाजूने जाते. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि शनिवारी दुकानात बसायचे. बसायचे म्हणजे मागे बसायचे. गिऱ्हाइकांशी बोलणं मला जमत नसे. "पोरगी बोलत नाही का हो?" असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "इंग्लिश मीडियमची आहे. मनात भाषांतर चालू असतं." सगळे हसायचे. मीही हसायचे, म्हणजे बोलावं लागत नसे.

बाबांचा कॉम्प्युटर त्यांच्या टेबलासारखाच होता, दुसऱ्या कुणाला त्यावर काही सापडू नये असा. टास्कबार त्यांनी वर नेऊन ठेवला होता, कारण "खाली बघून बघून मान दुखते." कॉम्प्युटरच्या आयकॉनखाली त्यांनी 'घर' असं लिहिलं होतं आणि रिसायकल बिनला 'केराची बादली'. 'लग्न', 'बारसं', 'दुःखद' असे फोल्डर होते आणि प्रत्येकाला त्यांनी निवडलेलं चित्र होतं. 'दुःखद'ला समई. माऊसचा बाणही वेगळा होता, शाईच्या पेनाच्या निबासारखा. हे सगळं ते स्वतःच शोधून काढायचे, दुपारी गिऱ्हाईक नसताना. आईला वाटायचं, काम चाललंय.

आणि या सगळ्याच्या मागे माझा फोटो. वॉलपेपर हा शब्द बाबा कधी वापरत नसत. ते त्याला 'मागचा फोटो' म्हणायचे. त्यात मी शाळेच्या फाटकाशी उभी आहे. गळ्यात टाय आणि पाण्याची बाटली, नुकतंच रडून झालेलं तोंड, आणि बॉयकट. बॉयकटलाही कारण होतं. शाळेच्या डायरीत लिहिलं होतं की मुलींनी लाल रिबिनी लावून दोन वेण्या घालाव्यात. त्या आठवड्यात आजी आजारी म्हणून आई माहेरी, नांदगावला गेलेली. बाबांना वेणी घालता येईना. रविवारी त्यांनी एक तास प्रयत्न केला, मग मला हाताला धरून स्वतःच्या न्हाव्याकडे घेऊन गेले. आई परत आल्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन बाबांनी कडेकडेने लावले होते, फोटोतल्या मला सोडून. मी कधी तिथे बसले आणि एखादी फाईल मध्येच सेव्ह केली, तर ते ती उचलून बाजूला ठेवायचे. "चेहऱ्यावर आयकॉन नको," म्हणायचे. एवढंच.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. साखर खूप वर्षांची होती. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय. लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर टिकवायची." घरी आल्यावर आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्यांच्यासमोर विषय काढू नकोस." आमच्या घरात ते सोपं होतं. आम्ही तिघंही न बोलणारेच.

दुकानात कुणाला पत्ता लागला नाही. बाबा जुन्या टाइपरायटरवर शिकलेले, त्यांना कीबोर्डकडे बघावं लागत नसे. अडचण स्क्रीनची होती. ती मी अंगावर घेतली. सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं सव्वापट केली. दोन महिन्यांनी दीडपट. मग माऊसचा बाण मोठा केला. निबाचा मोठा होईना, म्हणून तो काढून साधा जाड बाण ठेवला, तर बाबा नुसतं म्हणाले, "हा उठून दिसतो." मी काय बदललं ते आम्ही कधी मोठ्याने बोललो नाही. सोमवारी ते दुकानात जात आणि बघत, की स्क्रीन जवळ आलीये.

पण अक्षरं वाढवली की आयकॉनही वाढतात. कडेला मावेनात. एका शनिवारी मी पावणेदोनपट करून रीस्टार्ट केलं, आणि 'लग्न'चा फोल्डर येऊन माझ्या कपाळावर बसला. बाबांना तो डाग दिसला. त्यांनी बाण तिथपर्यंत नेला. मध्ये दोनदा तो हरवला, दोनदा सापडला. फोल्डर ओढून त्यांनी कडेला नेला, सोडला, आणि तो उडी मारून परत कपाळावर आला, कारण कडेला जागाच नव्हती. चौथ्यांदा मी म्हणाले, "मी करते." मी 'घर' आणि 'केराची बादली' लपवून टाकले. मग जागा झाली. पुढे 'बारसं' गेलं, मग अर्जांचा फोल्डर. हवं ते मी शोधून देईन, असं ठरलं. ठरलं म्हणजे तसं होत गेलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच गर्दीत ती चूक झाली. बाबांची पद्धत अशी की जुनी पत्रिका उघडायची, नव्या नावाने सेव्ह करायची आणि नावं बदलायची. सिन्नरकडच्या एका पत्रिकेत त्यांनी आजोबांचं नाव बदललं, पण आधीच्या पत्रिकेतलं 'कै.' तसंच राहिलं. प्रूफ मी वाचलं होतं. 'कै.' म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण त्या घरात कोण आहे आणि कोण गेलंय, हे मला कुठून कळणार? पत्रिका वाटल्या गेल्या. मग ते आजोबा स्वतःच काठी टेकत दुकानात आले. "जिवंतपणी वर पाठवलं की हो मला! निदान जेवायला तरी थांबू द्यायचं!" ते खरोखर हसत होते. नातू मात्र हसत नव्हता. बाबा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माझी चूक. मला दिसलं नाही." लोक असं म्हणतात, तसंच ते सगळ्यांना वाटलं.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि मीही काही बोलले नाही.

त्या रविवारी मी एकटीच दुकानात गेले. हाय कॉन्ट्रास्ट नावाची सोय असते, तिच्याबद्दल वाचलं होतं. काळ्यावर पिवळी अक्षरं, अंधुक डोळ्यांनाही वाचता येतात. मी ती थीम निवडली. 'कृपया थांबा' अशा अर्थाचं काहीतरी आलं, आणि स्क्रीन काळी झाली. अक्षरं खरंच ठसठशीत दिसत होती. फोटो गेला होता. मी पुन्हा लावला. सेटिंगमध्ये तो दिसत होता, निवडलेलाही होता, पण मागे यायचा नाही. त्या थीममध्ये मागे चित्र येतच नाही, हे मला तासाभराने कळलं. चित्रावर अक्षरं नीट वाचता येत नाहीत म्हणून. मी एकदा जुनी थीम आणली, फोटो बघितला, आणि मग काळीच ठेवली.

सोमवारी संध्याकाळी बाबा घरी आले ते खुशीत. "आज 'रफार' दिसला," आईला म्हणाले. जेवताना त्यांनी मला विचारलं, "सगळं काळं केलंयस. मागचा फोटो?"

"आहे," मी म्हणाले. "थोडा गडद केलाय."

"मग असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी ताकाची वाटी हाताने चाचपून घेतली.

एवढंच झालं. एका ओळीचं खोटं. त्यानंतर ते कधीकधी लग्नाच्या गिऱ्हाइकांना फोटो दाखवायचे, पूर्वीसारखाच. लोक मोबाईलमध्ये बघत हं हं करायचे. मी प्रत्येक वेळी पाकिटं मोजत असल्याचं नाटक करायचे.

मार्चमध्ये ही घोटीची माणसं आली. मुलीची आई आणि तिचा दीर. मुलीच्या लग्नाची पत्रिका करायची म्हटल्यावर बाबांचं बोट फोटोकडे गेलंच.

दिराचं बोलणं माझ्या कानावर पडलं तसं तिच्याही पडलं होतं, आणि तिला काय वाटलं ते मला आजही कळतं. तिने बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या जाड चष्म्याकडे, आणि मोठ्याने म्हणाली, "लय गोड हाय हो पोरगी! दोन वेण्या काय शोभत्यात!"

बाबांचं बोट काचेवरच राहिलं.

"वेण्या?" ते म्हणाले. "बॉयकट आहे तिचा."

छताचा पंखा फिरत होता. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आणि मग बाबा हसले. "ताई, लग्नाच्या धावपळीत तुमचे डोळे तपासायचे राहिले वाटतं."

"तेच सांगतो मी!" दीर सुटल्यासारखा बोलला. "आमच्या वहिनीला बांधावरून मी आन् बैल एकच दिसतो."

"बैल निदान सांगितलेलं ऐकतो, भाऊजी," ती म्हणाली. सगळे हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच.

मग काम सुरू झालं. बाबा नावं विचारत होते, ती सांगत होती. त्या चुकीनंतर बाबा प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाआधी विचारायचे. "आजोबा आहेत ना?"

"सासरे गेले आमचे," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधी. पण नाव काढू नका हां. नातीच्या लग्नाला राहायचंय, राहायचंय, करत होते."

"नाही काढत," बाबा म्हणाले. त्यांनी 'कै.' टाइप केलं, चेहरा स्क्रीनजवळ नेऊन एकदा पाहिलं, आणि मगच पुढे गेले.

प्रूफ निघेपर्यंत ते दोघं चहाला गेले. जाताना ती बाई माझ्याजवळ थांबली. माझ्या खांद्याला हात लावला आणि गेली.

दुकानात आम्ही दोघंच. वाटलं, आता बाबा विचारतील. मी उत्तरं जुळवत होते, आणि सगळी 'आहे'नेच सुरू होत होती. आहे, पण फाईल खराब झालीये. आहे, पण स्क्रीनच जुनी झालीये. आहे, बाईंनीच नीट बघितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्क्रीन पुसली. सगळी नाही. बोट टेकलं होतं तेवढीच जागा, पुन्हा पुन्हा. नंतर चेहरा काचेच्या अगदी जवळ नेला आणि चष्मा वर सरकवून बराच वेळ तिथे बघत राहिले. पत्रिका त्यांनी खाली घेतली होती. समोर फक्त काळी पाटी होती, आणि कडेला पिवळ्या अक्षरांत 'लग्न' आणि 'दुःखद'.

"वाच," ते म्हणाले.

प्रूफ मोठ्याने वाचायचं, हा दुकानाचा नियम. मी वाचलं. देवाचं नाव, चि. सौ. कां., चि., दोन्हीकडचे आजोबा, त्यातल्या एकाआधी 'कै.', मुहूर्त, स्थळ, आग्रहाचं निमंत्रण. माझा आवाज नेहमीच बारीक, त्या दिवशी तर मलाच ऐकू येत नव्हता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येक प्रूफनंतर ते हाच विचारायचे, आणि इतक्या वर्षांत मी त्याला 'नाही' याशिवाय दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"काही राहिलं?"

बाहेर ते दोघं परत येताना दिसत होते. दीर काहीतरी सांगत होता, ती हसत नव्हती.

"राहिलंय, बाबा," मी म्हणाले. "मागे फोटो नाहीये. आहे म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं."