इसहाक गवंड्याची जीभ

नागावच्या आसपास इसहाक गवंडी ओळखला जायचा तो थापीपेक्षा जिभेने. चुन्यात कालवायची वाळू आली की चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि म्हणायचं, "अजून दोन पाणी," म्हणजे वाळू आणखी दोनदा धुवा. वाळूत खार राहिला तर गिलाव्याला लोणा फुटतो, मीठ वर येऊन तो सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खार कळायचा मात्र इसहाकलाच.

एकोणीसशे एकोणतीस सालच्या तापात ती चव गेली. हे एकट्या रहिमुन्निसाला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. तिच्याकडून एकदा कालवणात मीठच राहिलं आणि हा दोनदा मागून जेवला. बाहेर चाखणं, डोळे मिटणं, थुंकणं जसंच्या तसं चालू होतं. वाळू नदीची असे, निभावून जाई.

एकतीसच्या उन्हाळ्यात त्याने येसूबाईंच्या जुन्या घराचं जोतं दुरुस्त केलं. निखळलेले दगड बसवले, सांधे भरले, वर नवा गिलावा दिला. दिवाळीपर्यंत गिलावा पांढरा पडून पापुद्र्यांनी सुटायला लागला.

येसूबाईंचा निरोप आला. बाई एकट्या वाडी सांभाळायच्या, आणि बोलणं सुपारी कातरल्यासारखं.

"काय रे इसहाक, जोतं लिंपलंस की कैरी मुरत घातलीस? बघ, मीठ वर आलंय."

त्याने बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली.

"तुझा दोष नाही म्हणा. त्या मोऱ्या गाडीवानाने खाडीची वाळू ओतली असेल. उद्यापासून त्याला वाडीत पाय ठेवू देत नाही."

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मोरूची गाडी गेली असती, इसहाकचं नाव राहिलं असतं. त्याने बोटाची भुकटी झटकली.

"बाय, मोरूनं काय केलं न्हाय. वाळू मी चाखली. पन मला चवच न्हाय. दोन वर्सं झाली."

"मग डोळे मिटून काय करत होतास, जप?"

"सवय."

"आणि आता चाखणार कोण, मी?"

"घरातून आनतो."

दुसऱ्या सकाळी तो गिलावा खरवडत बसला आणि रहिमुन्निसाने मोरूची नवी वाळू जिभेला लावली.

"गोडी हाय. खार न्हाय."

ती धुतल्यावर पुन्हा लावली आणि तोंड वाकडं केलं. मग तिने पाण्याच्या घमेल्यात बोट बुडवून चाखलं.

"अवो, पानीच खारं. तुमची हीर मचूळ झालीय."

"काहीतरीच. वीस वर्षं मी हेच पितेय."

"म्हनून तुमाला कलत न्हाय."

मोरूची वाळू पहिल्यापासून गोडीच होती. इसहाकनेच सवयीने दोन पाणी देववून ती खारी करून ठेवली होती.

वरच्या आळीतून पाणी आणवलं, गिलावा पुन्हा झाला, आणि टिकला. इसहाकची जीभ गेल्याची बातमी पंधरा दिवसांत चौलापर्यंत पोचली. कामं तुटली नाहीत. बोलावणारे एवढंच म्हणायचे, "येताना घरच्यांना आण." एकटाच आला, तर चहा पाजून परत पाठवायचे.