पॅडलजवळचे लहान चक्र

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. आणि सांगायचे ठरवले तरी — पाहा — आधी संताप येतो तो विजेची सायकल विकणाऱ्या कंपनीचाच. ‘कोणताही चढ, सहज’ असे जाहिरातीत छापायचे, आणि नौबत पहाडच्या निम्म्या चढावर मोटार कण्हू लागली, की ‘ग्राहकाने पायांची जोड द्यावी’ असे कळवायचे! याला दिशाभूल नाही तर काय म्हणावे?

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. अन्याय दिसला की पत्र लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. तेव्हा कंपनीकडे रीतसर तक्रार केली — दोघांच्या सह्यांनी. दुसरी सही गोविंदरावांची. चिक्कडपल्लीत राहणारे, शाळेपासूनचे माझे स्नेही. त्यांची पत्नी गेल्यापासून ते घराबाहेर पडेनात, म्हणून मीच त्यांना माझ्यासारखी विजेची सायकल घ्यायला लावली होती. रोज सकाळी आम्ही तो चढ चढू पाहत असू, आणि रोज निम्म्यावर उतरून सायकली ढकलत नेत असू. त्यात लाज कसली? दोघेही उतरत होतो ना.

मग मी काय केले — तर गोविंदरावांना न सांगता, नल्लकुंट्यातल्या एका दुकानात, पॅडलजवळचे मोठे दातेरी चक्र काढून लहान बसवून घेतले. चक्र लहान, तर चढावर पायांना जोर कमी लावावा लागतो. इतके साधे. वर झाकणही बसवले. झाकण कशासाठी? धुळीसाठी, असे स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी न उतरता वर पोचलो. गोविंदराव मागून सायकल ढकलत आले, धापा टाकत. त्याच क्षणी सांगणार होतो — पण ते म्हणाले, “शिरस्तेदार, कमाल केलीत हो!” आणि ती कमाल माझ्याने परत देववली नाही.

सपाट रस्त्यावर मात्र माझे पाय नको तितके भराभर फिरत. “काय हो, शिलाई मशीन चालवताय काय? हल्लू, हल्लू!” ते हसत. मीही हसे.

पुढे एकदा त्यांनी विचारले, आपल्या तक्रारीचे काय झाले? तेव्हा मी — ज्याने उभ्या जन्मात एकाही कंपनीची बाजू घेतली नाही, त्या मी — म्हणालो, “मागे घेऊ. दोष सायकलीत नाही, गोविंदराव. पायांत आहे.”

निम्मे सत्य दडवणारा साक्षीदार पाहिला की न्यायालयात माझे मस्तक फिरत असे. इथे तर मी निम्मेही सांगितले नव्हते.

त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर — पण नको. त्यांनी मान डोलावली, आणि महिन्याभरात सायकल नांदेडच्या भाच्याला देऊन टाकली. भाचा न्यायला आला त्या दिवशी चाकांत हवा मीच भरली. माझी सायकल शेजारीच उभी होती, झाकणासकट. चक्र बदलायला अर्धा तास लागतो.

आता ते गॅलरीत बसलेले असतात. खालीसुद्धा उतरत नाहीत. आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, “आमचे शिरस्तेदार या वयात पहाड चढतात, माहीत आहे? आपले पाय गेले बाबा.”

मी समोरच्याच खुर्चीत असतो.