बुडालेल्या राज्यांचे कारकून

अंबडच्या तहसील कचेरीत एक कारकून होते; त्यांना फक्त उर्दू वाचता यायचं. म्हणून संध्याकाळी माझ्या मराठी पुस्तकातून मी त्यांना जगाचा इतिहास वाचून दाखवायचो.

"लढाया जल्दी उरका, मास्तर," म्हणत ते सुपारी कातरत बसायचे. एखादं राज्य बुडालं की मात्र अडकित्ता थांबायचा.

"मंग तिथल्या कारकुनांचं काय झालं?"

पुस्तकात ते कधीच नसायचं, आणि तसं सांगताना मलाच अपराधी वाटायचं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच आठवड्यात आमच्या वाचनात रोम पडलं. त्यांनी तेच विचारलं. मी पानावरची नजर न काढता म्हणालो, "नव्या राजानं सगळ्यांना कामावर ठेवलं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "पण तेवढं पुन्हा एकदा वाचा."