चुन्याची रेघ

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. सोनईजवळच्या एका खेड्यातली शाळा... माझं कॉलेज नुकतंच संपलेलं, आणि लहान मुलांचा तोल, हातपाय कसे तयार करावेत हे गुरुजींना शिकवायचं काम माझ्याकडे. गुरुजी माझ्या वडिलांच्या वयाचे.

अंगणात चुन्याची लांब रेघ मारली होती. पहिलीच्या मुलांनी तिच्यावरून पाऊल न चुकवता चालायचं. सहा वर्षांची ठकू जरा डगमगली, तसे गुरुजी छडीने पाऊल दाखवत शेजारून चालू लागले. ती पडली. पुन्हा उठवली, पुन्हा पडली.

"तोलच नाही हिला, बाई," गुरुजी म्हणाले. मी वहीत लिहिलं, 'कमजोर'.

फाटकाशी तिचा बाप उभा होता. "आता पडली तर नेतो घरी. शेरडं तरी राखंल." तो चेष्टा करत नव्हता... पोरीलाही ते कळत होतं.

"गुरुजी, आधी तुम्ही चालून दाखवा," मी म्हणाले. जरा जोरातच.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आपली नोकरी गेली. पण धोतर खोचून ते निघाले. मान खाली, डोळे पायांवर. चौथ्या पावलाला भेलकांडले... कुणी हसलं नाही. हसायची छातीच नव्हती.

तेवढ्यात ठकू म्हणाली, "गुरुजी, खाली नगा बघू. लांब बघा. भाकरी घिऊन बांधावरनं मी तशीच जाती."

"मग आत्ता का पडलीस गं?" गुरुजींनी विचारलं.

तिने छडीकडे बोट केलं. "ती पायापाशी हुती नव्हं."

मी शेजारी उभी राहून सगळं पाहिलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

गुरुजींनी छडी भिंतीला टेकवली. रेघेच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. "ये ठके, माझ्या टोपीकडे बघत ये."

ती निघाली. मी पावलं मोजत होते... एकही चुकलं नाही.

बापाने पटका सारखा केला. "शेरडं मीच बघतो मग," म्हणाला, आणि वळून चालू लागला.

वहीतला तो शब्द मी तिथेच खोडला. पुढे आयुष्यभर शिक्षकांना शिकवलं. मूल पडलं की त्याची नजर कुठे होती ते आधी बघा, हे प्रत्येकाला सांगितलं. कुणाकडून शिकले, ते मात्र कधी सांगितलं नाही... म्हणून आज लिहिलं. ठकू, तुझे आभार.